पैसे खात्यात आले, वाडीत कधी येणार? कोकणातल्या जिल्हास्तरीय सल्लागार समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय सल्लागार समिती,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

महोदय, महोदया,

जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा आढावा घ्यायला दर तिमाहीला आपली बैठक होते. जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी असतात, अग्रणी बँकेचे जिल्हा व्यवस्थापक आकडे मांडतात, रिझर्व्ह बँकेचे आणि नाबार्डचे अधिकारी हजर असतात. त्या आकड्यांत आमची गावे ‘बँकसेवा उपलब्ध’ या रकान्यात असतात. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

आम्ही खाडीकाठच्या आणि सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळ पठारावरच्या, वाड्यांमध्ये निराधार, वृद्ध, विधवा आणि दिव्यांग लाभार्थ्यांची कागदपत्रे करून देणारी माणसे आहोत. आमच्यात बचत गटाच्या ताई आहेत, निवृत्त पोस्टमन आहेत, बँकेच्या काउंटरमागे नोकरी झालेलेही आहेत. बहुतेकांच्या घरात किंवा शेजारी असा एक तरी लाभार्थी आहे. सरकार पैसे पाठवत नाही, अशी आमची तक्रार नाही. पैसे मागेपुढे होतात, पण येतात. ते खात्यात पडून राहतात आणि ज्याच्या नावाचे आहेत त्याच्या हाताला लागायला पंधरा दिवस, महिना, कधी सहा महिने जातात. ही रखडपट्टी आपल्या एकाही तक्त्यात दिसत नाही, कारण ‘जमा’ झाले की आपला हिशेब मिटतो. लाभार्थ्याचा हिशेब तिथून सुरू होतो.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५००. या रकमेत महिन्याची औषधे, तेल, साखर, लाइट बिल बसवायचे असते. ही रक्कम काढायला दोन खेपा पडल्या आणि दोनदा स्पेशल रिक्षा करावी लागली, तर औषधांच्या पैशाला कात्री लागते. एसटीने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास दिला, त्याचा खरोखर आधार आहे. पण एसटी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथून घाटी चढून वाडी, आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असेल तर साकवावरून. वस्तीची गाडी सकाळी निघते ती बँक उघडायच्या आधी पोहोचते आणि परतीची गाडी संध्याकाळी. मधल्या वेळात ‘सर्व्हर डाउन’ झाला, तर दिवस गेला.

आता ‘बँकसेवा उपलब्ध’ म्हणजे काय ते पाहू. २०१९-२४ च्या राष्ट्रीय वित्तीय समावेशन धोरणाने ध्येय ठेवले की प्रत्येक गावाला पाच किलोमीटरच्या परिघात, आणि डोंगराळ भागात ५०० घरांच्या वस्तीला, बँकसेवेचे ठिकाण असावे. उद्देश चांगलाच होता. पण हा परीघ नकाशावर कंपासने काढला जातो आणि कोकणात कोणी कंपासच्या रेषेने चालत नाही. तवसाळच्या जेटीवर उभे राहिले की खाडीपलीकडे जयगड समोर दिसते. धोपाव्याहून दाभोळ तसेच, वेसवीहून बागमांडला तसेच. फेरीबोट चालू असेल तर पलीकडची बँक जवळ. वाऱ्यापावसात फेरी थांबली की त्याच बँकेला जायला राई-भातगावच्या नाहीतर म्हाप्रळ-आंबेतच्या पुलावरून वळसा. नकाशावर मात्र ती बारा महिने पाच किलोमीटरच्या आतच राहते.

आणि ५०० घरांची वस्ती? आमचे गाव म्हणजे विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. सगळ्या मिळून घरे ५०० भरतील, पण एका जागी ५०० घरांची वाडी शोधून सापडायची नाही. सड्यावरच्या धनगरवाड्यात किंवा कातकरी वाडीत वीस-पंचवीस घरे. बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने यंत्रावर अंगठा घेऊन पैसे काढून देणारा माणूस, बसतो तो बाजारपेठेत, एसटी थांब्याजवळ. त्या एका टेबलावर अख्खे महसुली गाव ‘समाविष्ट’ होते. त्या टेबलापासून सर्वांत लांबच्या वाडीतला माणूस पावसाळ्यात किती वेळाने पोहोचतो, हे आजवर कोणी मोजल्याचे आम्हाला ठाऊक नाही.

यानंतर पैसे येण्याची वाट. डिसेंबर २०२४ पासूनचे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाने, आधारशी जोडलेल्या खात्यात पडू लागले. मधले हात कमी झाले हे बरेच झाले. पण ‘आधार जोडणे’ या एका शब्दाखाली दोन वेगळी कामे आहेत आणि ती बँकेच्या काउंटरवरसुद्धा सरमिसळ होतात. पहिले काम म्हणजे खात्यावर आधार क्रमांकाची नोंद. दुसरे म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या मॅपर नावाच्या यादीत त्या आधारपुढे त्या बँकेचे नाव चढवणे, ज्याला सीडिंग म्हणतात. सरकारचा पैसा दुसऱ्या नोंदीवर चालतो. मॅपरमध्ये एका आधारपुढे एकच बँक असते आणि शेवटी ज्या बँकेने नाव चढवले ती खरी. पासबुकावर ‘आधार लिंक’चा शिक्का असतो, आणि पैसा जातो भलत्याच खात्यात.

हे भलते खाते येते कुठून? कधी सिमकार्ड घेताना अंगठा लावला आणि नकळत एका पेमेंट्स बँकेत खाते उघडले गेले. कधी मुंबईला मुलाकडे असताना तिथे खाते काढले आणि विसरले. कधी कोणी कर्जाच्या किंवा विम्याच्या नावाखाली संमतीपत्रावर सही घेतली. बाई वर्षभर गावच्या बँकेत पासबुक भरून घेते, नोंद दिसत नाही. तहसीलमधल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत विचारले तर ‘तुमचे पैसे गेले’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर खरे असते. दोन्ही काउंटर आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मधे बाई खेटे घालते. तपासणे अवघड नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचे नाव दिसते आणि मोबाइलवरून *९९*९९*१# लावूनही कळते. दोन मिनिटांचे काम आहे. ते काउंटरवर करून देण्याऐवजी तिला ‘सेंटरवर जा’ सांगितले जाते आणि सेंटरवाला त्याचे पैसे घेतो.

नावांचा घोळ त्यात भर घालतो. रेशनकार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासबुकावर आडनावाऐवजी गावावरून पडलेले ‘कर’. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसल्याने आधारवर १ जानेवारी आणि अंदाजाचे साल. श्रावणबाळसाठी ६५ वर्षे पूर्ण लागतात, तिथे हा अंदाज दोन-तीन वर्षांनी चुकला की अर्ज परत.

मग अंगठा. या एका गोष्टीवर आम्हाला सविस्तर लिहायचे आहे, कारण वाडीत सगळ्यात जास्त माणसे इथे अडतात.

काजू फोडणाऱ्या बाईचा अंगठा जवळून पाहा. टरफलातले तेल कातडी जाळते. राख किंवा खोबरेल लावून काम केले तरी बोटांची टोके काळी पडतात, सालपटे निघतात आणि खालून गुळगुळीत कातडी येते, जिच्यावर रेषा धड उमटलेल्याच नसतात. कोळंबी सोलणारीची बोटे तासन्‌तास बर्फाच्या पाण्यात असतात, वर काट्यांचे ओरखडे. चिरेखाणीत जांभा उचलणाऱ्याच्या रेषा घासून जातात. लावणीच्या दिवसांत सगळ्यांचीच बोटे सुरकुततात. वय झाले की कातडी कोरडी आणि पातळ होते, ते वेगळेच. असा अंगठा त्या लहानशा काचेवर ठेवायचा. लाल दिवा लागतो, ‘ठसा जुळत नाही’ असा संदेश येतो. बाई पदराने अंगठा पुसते, परत ठेवते, घाबरून जोराने दाबते आणि जोराने दाबल्यामुळे रेषा आणखी सपाट होतात. मागे रांग असते. तिसऱ्या वेळेला मशीनवाला म्हणतो, ‘आजी, उद्या या.’

उद्या काही वेगळे होत नाही, कारण आज जे करायला हवे होते ते कोणी केलेले नसते. कोमट पाण्याने आणि साबणाने हात धुवून पूर्ण कोरडे करावेत. कातडी फारच कोरडी असेल तर किंचित तेलाचा हात फिरवून पुसून घ्यावा. यंत्राची काच मऊ फडक्याने पुसावी, थुंकी लावून नव्हे. यंत्र उन्हात ठेवू नये, प्रकाशाने ठसा नीट येत नाही. अंगठा लागला नाही तर दहाही बोटे एकेक करून पाहावीत, कामात कमी झिजलेले एखादे बोट बहुधा लागते. जे बोट लागले ते पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावे. आम्ही वाडीत इतकेच करतो आणि आलेल्यांतले बरेचसे मार्गी लागतात. जे उरतात त्यांच्यासाठी डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये चेहऱ्यावरून व्यवहार सुरू केले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पण त्यासाठी चांगला फोन आणि चांगली रेंज लागते, आणि ज्या वाड्यांत बोटे झिजलेली आहेत तिथेच रेंज नाही.

एक गोष्ट बँकांचेच कर्मचारी विसरतात. अंथरुणाला खिळलेल्या किंवा सही-अंगठा न करू शकणाऱ्या खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना जुन्या आणि स्पष्ट आहेत. पैसे काढण्याच्या स्लिपवर अंगठ्याचा, तो शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उमटवता येत नसेल तर नुसती खूण चालते, त्यालाही हेच दोन साक्षीदार. आणि आपल्या वतीने पैसे कोणी घ्यायचे हे खातेदार सांगू शकतो. यंत्राने नाही म्हटले म्हणजे माणसाला पैसे नाकारावेत असे कुठेही लिहिलेले नाही. तरी शाखेत ‘मशीन घेत नाही’ हे शेवटचे उत्तर म्हणून दिले जाते. खाटेवर उचलून आणलेली माणसे असे उत्तर ऐकून परत गेली आहेत. हे आम्हाला सहन होत नाही.

मशीनवाल्या बँक मित्रावर सगळा राग काढणेही अन्यायाचे होईल. त्याचा हिशेब बघा. दुसऱ्या बँकेच्या खातेदाराला त्याने १५०० रुपये काढून दिले, तर त्या व्यवहारावर अर्धा टक्का शुल्क, म्हणजे साडेसात रुपये. रक्कम कितीही मोठी असली तरी जास्तीत जास्त १५. तेही त्याची बँक, मधली कंपनी आणि तो यांच्यात वाटले जाणार. वाडीतल्या चाळीस जणांना पैसे द्यायचे तर ६० हजारांची रोकड त्याने स्वतःच्या भांडवलातून उभी करायची, शाखेतून आणायची, खिशात घालून घाटी चढायची, आणि चाळीस जणांचे मिळून एकूण शुल्क ३००. त्यातला पेट्रोलचा खर्च, कागदाचा रोल, हरवल्या-चोरीला गेल्याची जोखीम त्याची. मग तो वाडीत येत नाही. आला तर माणशी वीस-पन्नास रुपये कापतो आणि पावती देत नाही. जनधन योजनेच्या मूळ आराखड्यात बँक मित्राला महिन्याला किमान ५००० रुपये मिळावेत असे होते. प्रत्यक्षात त्याला व्यवहारांच्या संख्येवर सोडले आहे, आणि लांबच्या वाडीत व्यवहार कमीच होणार.

पावती नसण्याचा मोठा धोका दुसराच आहे. अंगठा एकदा लागतो, पैसे खात्यातून जातात, पण मशीनवर ‘फेल’ दिसते किंवा ‘फेल’ असे सांगितले जाते. दुसऱ्यांदा अंगठा लावून पैसे हातात येतात. पहिले कुठे गेले ते पासबुक भरल्यावर महिन्याने कळते. खात्यातून रक्कम गेली आणि हातात आली नाही, तर पाच दिवसांत ती परत जमा करायची आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. आमच्या पाहण्यात एकाही निराधार बाईला अशी भरपाई मिळालेली नाही. तिला नियम सांगणारे कोणी नव्हते आणि हातात पावती नव्हती.

शाखा डाकघरांची अडचण वेगळी. पोस्टमन किंवा ग्रामीण डाक सेवक घरी येऊन पैसे देतो, वाडीतल्या माणसांचा सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावर, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरी त्यानेच पोहोचवल्या. पण शाखा डाकघरात रोकड मोजकीच ठेवली जाते. अनुदान एकदम जमा झाले की पहिल्या पाच-सहा माणसांत ती संपते आणि उपडाकघरातून पुढची रोकड येईपर्यंत बाकीचे ताटकळतात.

आता केवायसी, म्हणजे खातेदाराच्या ओळखीची तपासणी. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. कमी जोखमीच्या खात्यांची ओळख दर दहा वर्षांनी नव्याने तपासायची असते. त्यामुळे २०१४-१५ मध्ये एका झपाट्यात उघडलेली खाती दहा वर्षांनी एका झपाट्यात अडकली. हे आधीच दिसत होते, यासाठी कोणी ज्योतिषी लागत नव्हता. रिझर्व्ह बँकेने १२ जून २०२५ ला नियम सैल केले: काहीच बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल तर बँक मित्राकडे स्वयंघोषणा चालेल; मुदतीआधी तीन सूचना, त्यातली एक पत्राने; मुदतीनंतरही तीन आठवणी, त्यातली एक पत्राने. जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रामपंचायत पातळीवर शिबिरे झाली. जुलै ते सप्टेंबर! कोकणात ते लावणीचे, बेणणीचे आणि गणपतीचे दिवस. खाते गोठवू नये म्हणून दिलेली सवलतही ३० जूनच्या तारखेला बांधलेली, म्हणजे ऐन पावसात. शिबिर ग्रामपंचायतीच्या इमारतीत, खाली. सड्यावरच्या वाडीला दवंडीसुद्धा ऐकू गेली नाही. आणि ती पत्रे? आमच्याकडे आलेल्या एकाही खातेदाराच्या घरात असे पत्र आम्हाला पाहायला मिळालेले नाही. माणसाला कळते ते काउंटरवर. गोठलेल्या खात्यात पैसे जमा होत राहतात, फक्त बाहेर पडत नाहीत. आपल्या तक्त्यात मात्र ते यशस्वी हस्तांतरण म्हणून मोजले जातात.

मोबाइलचेही एकदा समजून घ्या. गावातल्या म्हातारीच्या आधारला जोडलेला नंबर बहुधा मुलाचा असतो, आणि मुलगा विरारला, दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला. ओटीपी त्याच्या फोनवर जातो तेव्हा तो लोकलमध्ये किंवा कामावर. त्याने फोन करून आकडे सांगेपर्यंत वेळ संपते, आणि गावाकडे रेंजसाठी माणूस सड्यावर उभा असतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला, तेव्हा एका अर्जासाठी दोन गावांत दोन ओटीपी जुळवावे लागले. नवरा आणि वडील दोघेही नसलेल्या बायांसाठी पर्याय नंतर आला. तोवर त्यांनी किती हेलपाटे घातले ते अंगणवाडीच्या ताईंना विचारा.

आणि आपत्ती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीवरून गेले. वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. मदतीची रक्कम खात्यात येणार होती आणि खात्यापर्यंत जायला ना यंत्र चालत होते ना टॉवर. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ज्या बाजारपेठेतल्या बँकांवर आजूबाजूच्या खेड्यांचे व्यवहार चालतात. अशा वेळी रोकड वाटायची कशी याची लेखी योजना एका तरी तालुक्यात तयार असेल, तर ती लोकांना दाखवा. दरवर्षी जूनच्या आधी दरडींची यादी होते, होड्यांची यादी होते, रोकडीची होत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. बहुतेकांसाठी नवा कायदा लागत नाही, आहेत ते नियम वाडीपर्यंत न्यावे लागतात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: अंतर वाटेने मोजा. महसुली गाव हे एकक सोडून वाडी धरा. प्रत्येक वाडीपासून पैसे मिळण्याच्या जवळच्या ठिकाणापर्यंत पायी, एसटीने आणि फेरीने लागणारा वेळ उन्हाळ्यात किती आणि फेरी बंद असताना किती, हे दोन आकडे लिहा. जिथे जाऊन-येऊन तीन तासांहून जास्त लागतात ती वाडी ‘बँकसेवा उपलब्ध’ या रकान्यातून काढा. ग्रामपंचायतींना हे काम आठ दिवसांत जमेल.

दुसरी: त्या वाड्यांसाठी वार ठरवा. अनुदान जमा झाल्यापासून दहा दिवसांच्या आत, ठरलेल्या वारी, शाळेत, अंगणवाडीत किंवा देवळाच्या सभामंडपात बँक मित्र किंवा डाक सेवक येईल. त्याच्याकडे बोटांच्या यंत्राबरोबर बुबुळाचे किंवा चेहऱ्याचे साधन हवे, छापील पावती हवी आणि ‘पैसे काढण्यासाठी लाभार्थ्याकडून शुल्क नाही’ असा मराठी फलक हवा. त्या दिवसासाठी त्याला ठरावीक मानधन आणि प्रवासखर्च द्या, टक्केवारीवर सोडू नका. रोकड त्याच्या खिशातून नको, शाखेने आगाऊ द्यावी आणि तिचा विमा असावा. हे मानधन कोणी द्यायचे, बँकांनी की जिल्हा नियोजनातून, ते आपण ठरवा. पण ते लाभार्थ्याच्या १५०० रुपयांतून जाऊ नये.

तिसरी: ७० वर्षांवरील, दिव्यांग आणि आजारी खातेदारांना घरपोच रोकड, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला, ही सोय रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने बँकांना करायला सांगितली आहे. प्रत्येक शाखेत अशा खातेदारांची नोंदवही आहे का, गेल्या तिमाहीत किती जणांच्या घरी कोणी गेले, हे दोन आकडे आपल्या बैठकीच्या इतिवृत्तात शाखानिहाय यावेत. हयातीच्या दाखल्यासाठी तलाठी किंवा ग्रामसेवक वाडीत आल्यावर तिथेच पडताळणी व्हावी. जिवंत असल्याचे सांगायला माणसाला तालुक्याला नेऊ नका.

यंत्राने ठसा नाकारल्याची प्रत्येक वेळ वहीत लिहिली जावी आणि दोनदा नाकारलेल्या खातेदाराला त्याच दिवशी साक्षीदारांच्या पद्धतीने पैसे मिळावेत. शाखेत तशी लेखी सूचना भिंतीवर लावा.

केवायसीची मुदत असलेल्या खातेदारांना पत्र जाऊ द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात, काय कागद आणायचा ते लिहून. पोस्टमन ते वाचूनही दाखवेल. मात्र नावांच्या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू नका. कोणाच्या खात्यात पैसे अडकून पडले आहेत हे गावभर झाले तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याचा त्रास होतो. शिबिरे नोव्हेंबर ते मे या काळात घ्या आणि निम्मी तरी वाडीत घ्या. कोकणासाठी कोणतीही मुदत जून ते सप्टेंबरमध्ये संपणारी नसावी, असा ठराव करून वर पाठवा.

अनुदान जमा होणाऱ्या आठवड्यात शाखा डाकघरांची रोकड मर्यादा वाढवावी, यासाठी टपाल अधीक्षकांना बैठकीला बोलवा. संगायो शाखेच्या काउंटरवर ‘पैसे गेले’ एवढ्यावर न थांबता कोणत्या बँकेत गेले ते लिहून द्या. त्या एका ओळीने निम्मे हेलपाटे वाचतील.

शेवटची मागणी पावसाळ्याची. दर मेमध्ये प्रत्येक तालुक्यासाठी एक पान: फेरी, वीज आणि टॉवर एकाच वेळी बंद पडले तर कोणत्या शाखेतून किती रोकड, कोणत्या गाडीने, कोणत्या वाड्यांना, आणि यंत्र नसताना कोणत्या नोंदवहीवर. त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा असावा.

हे पत्र वाचणाऱ्या इतर गावकऱ्यांनाही सांगतो. बँकेकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. टपाल बँकेची घरपोच सेवा मागवायला १५५२९९. अंगठा लावण्याआधी रक्कम विचारा, लावल्यावर पावती मागा, आणि ‘फेल’ सांगितले तर त्याचीही पावती मागा.

आमच्या भागातल्या वाड्यांची यादी, प्रत्येकीची उन्हाळी आणि पावसाळी वाट आणि लागणारा वेळ, आम्ही हाताने तयार करत आहोत. त्यात लाभार्थ्यांची नावे नसतील, फक्त संख्या असेल. पुढच्या तिमाही बैठकीत ती मांडण्यासाठी आम्हाला अर्धा तास द्यावा, अशी विनंती आहे. बैठक शक्यतो दुपारी बारानंतर ठेवावी, सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो तरी आम्ही त्याआधी पोहोचत नाही.

आपले,
खाडीकाठच्या आणि सड्यावरच्या वाड्यांत लाभार्थ्यांची कागदपत्रे करणारे आम्ही सर्वजण